बाजरीची भाकर, प्रभूच्या मेजावर

आई, त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब सगळ्यांसमोर तुला बोलत होते, तेव्हा पदराआड तू रडत होतीस की हसत होतीस? मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी सातवीत होते, बायकांच्या बाजूला सतरंजीवर तुझ्या मागे बसले होते. मला तुझी फक्त पाठ दिसत होती आणि ती पाठ हलत होती. बाबा म्हणतात, हसत होती, तुझ्या आईला नको तिथंच हसू फुटायचं. मावशी म्हणते, रडली गं बाई, घरी येऊनसुद्धा रडली. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते आणि असले प्रश्न वेळेवर विचारून घ्यायचे असतात हे मला कळत नव्हतं. म्हणून तो प्रश्न तसाच ठेवते आणि आधी बातमी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आई, बाजरीची भाकर मेजावर आली. आपल्या घरची, आपल्या चुलीवरची. पाळकांनी ती सगळ्यांसमोर उचलून मोडली आणि सगळी मंडळी ती खाऊन उपकार मानत घरी गेली.

तुला पत्र लिहायचं म्हटलं की मला शनिवार आठवतो. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर न् द्राक्षारस वाटून घ्यायचा दिवस, आणि त्याची तयारी तुझ्याकडे. काष्टीच्या बाजारातून आणलेले काळे मनुके तू सकाळीच भिजत घातले आहेत. आपल्या मेजावर दारू येत नाही, म्हणून द्राक्षारसाच्या जागी हेच मनुक्यांचं पाणी. संध्याकाळी तू ते हातानं कुस्करतेस, धुतलेल्या मऊ फडक्यातून गाळतेस, आणि उरलेला चोथा आम्हा पोरांच्या तळहातावर ठेवतेस. "ह्यो खावा. पानी त्याचं हाय." त्याचं म्हणजे प्रभूचं. मग डोकं बांधून, हातपाय धुऊन तू गव्हाच्या पिठाच्या पातळ पोळ्या लाटतेस, मीठ नाही, सोडा नाही, तेलाचा थेंब नाही. आम्ही जवळ आलो की लाटणं उगारतेस. इतर दिवशी तू स्वयंपाक करताना गाणी म्हणायचीस, बाबांना टोमणे मारायचीस, पण त्या पोळ्या लाटताना एक शब्द बोलत नसायचीस.

मला तेव्हा वाटायचं, देवाची भीती असेल. नंतर तूच सांगितलंस. पाटलांच्या वावरात तू खुरपायला जायचीस. दुपारी बायका कडुनिंबाखाली जेवायला बसायच्या, आणि पाटलीणकाकूंच्या घरून चटणी आली की ती तुझ्या भाकरीवर वरून पडायची. हात हाताला लागू नये इतक्या वरून. त्यात भांडण नव्हतं, शिवी नव्हती, काकू तशा बोलायला गोडच होत्या. फक्त तुझ्या फडक्यातलं कुणी काही मागत नव्हतं. तू मला म्हणालीस, "वावरात माझ्या हातचं कुनी खात न्हाई. पर हितं समदी खात्यात. मास्तर खातो, पंच खातो, पाळकसाहेब बी खातो. ते मेजच तसं हाय." आई, पुढे मी ख्रिस्ती धर्मावर बरीच जाड पुस्तकं वाचली, पण त्या धर्माची याहून छोटी ओळख मला कुठे सापडली नाही.

आणि मग तो शनिवार. लाईट गेली ती गेलीच. पिठाची गिरणी बंद. निवडलेला गहू डब्यात तसाच, आणि घरात पीठ होतं ते बाजरीचं. बाबा म्हणाले, शेजारून वाटीभर आण. तू म्हणालीस, "मागून आनल्यालं मेजावर ठिवू व्हय? घरात जे हाय ते चालंल त्याला." उजाडताना तू चूल पेटवलीस. आदल्या संध्याकाळी पीठ मळायच्या काटवटीतच तू तांब्याच्या बुडानं हिरव्या मिरच्या न् लसूण रगडला होतास. नळाला पाणी आलं नव्हतं, हंड्यात होतं ते पिठापुरतंच, उपासनेची पहिली घंटा झाली होती, तू काटवट फडक्यानं खसाखसा पुसलीस आणि पीठ घेतलंस. पातळ, गोल, सुरेख भाकरी झाल्या. सुरीनं त्यांचे तुकडे करून तू ताटात रचलेस, वर पांढरं फडकं घातलंस आणि जवळजवळ पळत चर्चला गेलीस.

पुढचं मला आजही जसंच्या तसं दिसतं. तुकडे वाटून झाले, सगळ्यांनी एकदम तोंडात घातले, डोकी खाली घातली. आपल्याकडे पाळक सगळ्यांच्या शेवटी खातात. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्यानं. मग सगळं चर्च सूं सूं करायला लागलं. पाळकसाहेबांनी डोळे उघडून पाहिलं तर मंडळीच्या डोळ्यांना धारा. ते भारावून गेले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "आज प्रभूनं आपली अंतःकरणं मोडली आहेत! आत्मा काम करतो आहे!" तेव्हा आपल्या मंडळीचे थोरले पंच, ते मिशीवाले, खालच्या मानेनंच ओरडले, "आत्म्याचं मागनं बघू साहेब, आधी पानी आना!" पाळकसाहेबांना काही कळेना. त्यांनी स्वतःचा तुकडा तोंडात टाकला, आणि मग कळलं.

ते मिरचीवर चिडले असते तर चाललं असतं. पण ठसका थांबल्यावर त्यांनी ताटातला तुकडा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "आणि हे काय आहे? बाजरी? प्रभूच्या मेजावर ही काळी भाकर? हे काय खुरपणीचं जेवण आहे?" तुझी पाठ हलत होती ती तेव्हा. पुढच्या महिन्यापासून श्रीगोंद्याच्या बेकरीतला पाव येऊ लागला, कडा कापलेला, पांढरा, चौकोनी. तुझं शनिवारचं काम गेलं. घरी परत येताना तू वाटेत एकच वाक्य बोललीस. "मिरची ही माजी चूक. पर भाकरीची काय चूक?" आणि थोड्या वेळानं, "प्रभू शेवटचा जेवला त्या राती त्या घरात काय दळलं हुतं, कुनी बघितलं व्हतं का?" तू मला विचारत नव्हतीस, पण शाळेत जाणारी तुझ्याजवळ मीच होते, आणि मला उत्तर आलं नाही.

ते पाळकसाहेब वाईट नव्हते, आई. तुला कावीळ झाली तेव्हा ते मोटारसायकलवरून तीनतीनदा आले. खाटेवर तुला प्रभुभोजन दिलं. पावाचा तुकडा तू बराच वेळ तोंडात धरलास आणि म्हणालीस, "मऊ हाय." ते हसले, तूही हसलीस. तुझ्या मातीला त्यांनी केलेली प्रार्थना मला अजून आठवते. पण तुझ्या प्रश्नाला त्यांनीही उत्तर दिलं नाही, कारण तू त्यांना तो कधी विचारलाच नाहीस.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. घरात पदवी घेतलेली मीच पहिली. बाबा गवंडीकामावरून आले की माझ्या पुस्तकांकडे बघून म्हणायचे, "मेल्याल्यांचं शिकून जित्यांना काय खाऊ घालनार?" मग पतसंस्थेत नोकरी लागली, तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं. या वर्षी नवीन पाळक आले, तरुण आहेत, स्वतः झाडू मारतात. त्यांनी मला सांगितलं की जी मुलं-मुली पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार आहेत त्यांचा वर्ग तू घे. आपण काय मानतो, कुठून आलो, हे त्यांना सांग. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, सोपं आहे, आपण जन्मापासून ऐकत आलोय.

वर्ग संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर भरायचा. शेजारीच दूध संकलन केंद्र आहे आता. पाटलीणकाकू किटली घेऊन लवकर येतात आणि केंद्र उघडेपर्यंत आपल्या पायरीवर बसतात. गुडघे गेलेत त्यांचे, सासू जाऊनही बरीच वर्षं झाली. पहिल्याच दिवशी मुलं यायच्या आधी त्यांनी मला हाक मारली. "अगं ए मास्तरीन, हिकडं ये. येक इचारू का? जल्म गेला तुमच्या शेजारी. घंटा ऐकली, नाताळाची करंजी खाल्ली, ती बी दुकानातली. पर तुमच्या धरमात नक्की हाय तरी काय, ते काय मला उमगलं न्हाई." मी पिशवीतून पुस्तक काढायला लागले. "ते ऱ्हाऊ दी. तोंडानं सांग."

मग मी सांगितलं. काकू, दोन हजार वर्षांपूर्वी, रोमी लोकांचं राज्य असलेल्या एका छोट्या मुलखात यहुदी लोक राहायचे. एकच देव मानणारे, मूर्ती न करणारे. त्यांच्यात एका गरीब घरी येशू जन्मला. सुताराच्या घरचा. "म्हंजी हातानं काम करनारा." हो. तीसएक वर्षांचा झाला तेव्हा गावोगाव फिरून सांगायला लागला की देव लांब नाही, तो बापासारखा आहे, आणि त्याचं राज्य गरिबांपासून सुरू होतं. आजाऱ्यांना बरं केलं. ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं त्यांच्याशी बोलला. "आन मग मारलं का त्याला?" मोठ्या लोकांना तो नकोसा झाला. रोमी सुभेदारानं क्रुसावर खिळलं. "आसंच आसतंय. पुढं?" पुढं, काकू, आमचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आम्ही मानतो की तो आमच्या पापांसाठी मेला. माणसानं देवाशी तोडलं होतं ते त्यानं आपल्या जिवानं जोडलं. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. कबर रिकामी होती. पहाटे बाया गेल्या होत्या, त्यांनी ते आधी पाहिलं आणि धावत येऊन सांगितलं. काकूंनी किटली खाली ठेवली. "बायांनी सांगितलं? आन गड्यांनी मानलं?" नाही मानलं. म्हणाले, काहीतरीच बडबडतायत. "हां," काकू म्हणाल्या, "मग खरं आसंल."

आई, मी इतकी हसले. मग त्यांनी विचारलं, "पर तुमी म्हनता बाप, लेक आन पवित्र आत्मा. म्हंजी तीन देव झालं की." मी म्हटलं, नाही, देव एकच. बाप म्हणून त्यानं जग केलं, लेक होऊन तो आपल्यात राहिला, आत्मा होऊन तो आजही आपल्यात वावरतो. "आन ह्ये कसं?" मी खरं सांगितलं, काकू, पूर्ण उलगडून मलाही सांगता येत नाही. मोठमोठ्या माणसांनी शेकडो वर्षं वाद घातलेत यावर. "मंग ठीक हाय. समदं उमगलं आसतं तर म्या म्हनले आसते, पोरगी थापा मारती." त्याच्या मागे जाणारे कोण होते, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मासे धरणारे, जकात गोळा करणारे, घरकाम करणाऱ्या बाया, गुलाम. ते एकमेकांच्या घरी जमायचे, त्याच्या नावानं भाकर मोडायचे, आपलं वाटून खायचे. ख्रिस्ती हे नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही, अंत्युखिया नावाच्या शहरात लोकांनीच त्यांना ते चिकटवलं. आणि आपल्या गावात? माझ्या पणज्याला म्हणे कुणी तरी शेजारी बसवून जेवू घातलं. त्याला बाकी काही समजलं नव्हतं, पण तेवढ्यावर त्यानं बाप्तिस्मा घेतला. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती आधीच ताटात वाढलेली असते, हे त्याला जेवणातून कळलं.

काकूंनी किटलीचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तो कुनासंगं बी जेवायला बसायचा." मी म्हटलं, त्याच्यावरचा मोठा आरोप तोच होता, काकू. तेवढ्यात केंद्राचं शटर वाजलं आणि त्या किटली घेऊन उठल्या. जाताना मागे न बघता म्हणाल्या, "तुजी आई लई चटाचटा खुरपायची."

त्यानंतर दर वर्गाला त्या लवकर येऊन बसू लागल्या. मी शेवटच्या भोजनाचा धडा घेतला तो दिवस मला विसरता येणार नाही. मी मुलांना सांगत होते, तो वल्हांडण सणाचा सुमार होता. मिसरातल्या गुलामीतून त्यांचे पूर्वज निघाले तेव्हा पीठ आंबवायला वेळ नव्हता, म्हणून त्या सणाला बिनखमिराची भाकर खातात. तीच भाकर येशूनं उचलली, उपकार मानले, मोडली आणि म्हणाला, हे माझं शरीर समजा, माझी आठवण म्हणून हे करत जा. मागे बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. "मग ताई, आपण फुगलेला पाव का खातो? बेकरीवाला तर खमीर घालतो." सगळी मुलं हसली. मी हसता हसता थांबले. त्याच्या आधी दोनच धड्यांपूर्वी मी त्यांना येशूनं पाच भाकरी पाच हजार लोकांना पुरवल्या ती गोष्ट सांगितली होती, आणि त्या भाकरी जवाच्या होत्या हेही सांगितलं होतं. जव म्हणजे त्या मुलखातलं गरिबांचं धान्य. गहू ज्यांना परवडायचा ते गहू खायचे. मी बोलले होते, मुलांनी ऐकलं होतं, आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला नव्हता. खुरपणीचं जेवण! आई, त्यानं हजारोंना वाढलं ते खुरपणीचंच जेवण होतं!

मी घरी पळत आले. बाबांना म्हटलं, "बाबा, भाकरीची काहीच चूक नव्हती." ते म्हणाले, "कोनच्या भाकरीची?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि बराच वेळ चुलीत फुंकत राहिले. चूल पेटलेलीच होती.

मी पंचांच्या बैठकीत विषय मांडला. या वर्षीच्या पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी प्रभुभोजनाला बाजरीची भाकर असावी, आणि ती मंडळीतल्या घरात केलेली असावी. थोरले पंच अजून आहेत, मिशा पांढऱ्या झाल्यात, कवळी बसवलीय. ते पहिल्यांदा म्हणाले, "परत तोंड भाजून घ्यायचं का आमी?" सगळी बैठक खो खो हसली. खजिनदार मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चुरा पडतो. चांगलं दिसत नाही. पूर्वीपासून जे पांढरं आहे ते पांढरं राहू दे. पाहुणे येतात, काय म्हणतील, या मंडळीला पाव परवडत नाही?" मी म्हटलं, काका, पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? मी त्यांना वल्हांडण सांगितला, जव सांगितला, घराघरांत मोडली जाणारी भाकर सांगितली. मी हेही सांगितलं की त्या शेवटच्या रात्री भाकर गव्हाची होती की जवाची, हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणारा खोटं बोलेल. पण एवढं माहीत आहे की ती त्या मुलखात पिकणाऱ्या धान्याची, घरात भाजलेली होती. आपण रोज प्रार्थनेत भाकर मागतो. आपल्या मुलखात देव ती बाजरीची देतो. मग तीच त्याच्यापुढे ठेवायची लाज कसली?

खजिनदार म्हणाले, "हे तू धर्मासाठी बोलत नाहीस. आईसाठी बोलतेस." मी म्हटलं, "हो, आईसाठीच बोलते. तिच्या हातचं खाणारी गावात एकच जागा होती, आणि ती ही होती. मिरचीसाठी तिला रागावले ते बरोबर होतं. पण तिचा हात मेजावरून काढला तो मिरचीसाठी नाही, भाकर काळी होती म्हणून. ज्या मेजावर सगळे सारखे, तिथं धान्यात गोरं-काळं कुठून आलं? मला आईचा धर्म आणि येशूचा धर्म वेगळा करता येत नाही, काका. तुम्ही करून दाखवा, मी खाली बसते." तरुण पाळक टेबलाकडे बघत होते. शेवटी थोरल्या पंचांनी घसा खाकरला. "माजं मत भाकरीला. पाव टाळूला चिकटतो, कवळी निसटती. प्रार्थनेत ध्यान ऱ्हात न्हाई." पुन्हा हशा पिकला आणि त्या हशातच हात वर झाले. खजिनदारांचा हात शेवटी, पण झाला. उठताना ते मला म्हणाले, "करणार कोण पण? तू?" मी ताठ मानेनं म्हटलं, "आमच्या घरी होईल."

आता जे सांगते ते कुणाला सांगू नकोस. मला भाकर थापता येत नाही, आई. तू शिकवायच्या आधीच गेलीस, आणि मग बाबांनी मला चुलीपाशी येऊच दिलं नाही, अभ्यास कर म्हणाले. त्या रविवारी उजाडायच्या आत मी तीन भाकरी थापल्या आणि तिन्हींचे नकाशे झाले, कडा फाटलेल्या, मध्ये भोकं. बाबा दारात टेकून बघत होते. "सरक," म्हणाले. "पदवीनं भाकर फुगत न्हाई." त्यांनी पिठात कढत पाणी घातलं, मळून मळून लोण्यासारखं केलं, आणि गिलावा ओढावा तसे तळहात फिरवून भाकर गोल करत नेली. काटवट मी राखेनं घासून, दोनदा धुऊन, नाकाला लावून बघितली होती. बाबा म्हणाले, "हात तिचाच हाय हा. तीच शिकवून गेली, खाटंवरून." मला हे माहीत नव्हतं. तू आजारी असताना त्यांना शिकवत होतीस, आणि मी शेजारच्या खोलीत सनावळ्या पाठ करत होते.

चर्च भरलं होतं. मेजासमोर बाजरीची कणसं, वांगी, भोपळे, ऊस, एक कोंबडी पाय बांधून ठेवलेली, ती मध्येच आमेन म्हटल्यासारखी ओरडायची. पाळकांनी भाकर दोन्ही हातांनी वर धरली. काळसर, खरपूस डाग पडलेली, आपल्या घरची भाकर. त्यांनी ती मोडली. आई, पाव मोडताना आवाज होत नाही. भाकर मोडताना होतो, आणि तो मागच्या रांगेपर्यंत गेला. वर्गातली मुलं पहिल्यांदाच मेजापाशी आली, त्यांच्या तळहातावर तुकडे पडले. बाबांनी आपला तुकडा घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, सगळी मंडळी खात होती ती बघत राहिले. कुणी ठसकलं नाही. एकाचंही नाक वाहिलं नाही. फक्त त्या शांततेत थोरले पंच शेजाऱ्याला म्हणाले, आणि त्यांना वाटलं हळू म्हणाले, "जरा तिखट चाललं आसतं." अख्खं चर्च हसलं. पाळकही हसले. प्रभुभोजनात हसलेली मंडळी मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला वाटलं, थडगं रिकामं सापडल्यावर ते लोकही असेच हसले असतील.

उपासनेनंतर अंगणात प्रीतिभोजनाची पंगत बसली. पाटलीणकाकू किटली घेऊन फाटकात उभ्या होत्या. रविवारी केंद्र दुपारी बंद असतं, हे त्यांना माहीत नाही असं नाही. मी पुढे गेले. त्या म्हणाल्या, "ताक आनलंय पंगतीला. आन मला खाली बसता येत न्हाई, खुर्ची बघ कुठं." मी खुर्ची आणली. बाबा भाकरी वाढत येत होते. काकूंनी ताट पुढे केलं नाही, हात पुढे केला. बाबा क्षणभर थांबले, मग त्यांनी भाकर त्यांच्या हातात दिली. बोटं बोटांना लागली. काकूंनी तुकडा मोडून खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुज्या आईच्या भाकरीचा वास बांधाच्या ह्या अंगाला यायचा बग. लई वाटायचं मागावं. पर सासू हुती." एवढंच. मग त्यांनी दुसरी भाकर मागितली.

आई, त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करत होते. तू भाकर केलीस, पण मोडली कधीच नाहीस. ते काम पाळकाचं, आणि आपण लहान असताना पाळक म्हणजे पुरुषच. आता आपल्या मंडळ्यांत बायकांनाही तो मान मिळतो, मेजामागे उभं राहता येतं. जे मी ओट्यावर काकूंना सांगितलं, ते मला आयुष्यभर सांगायचं आहे. ज्यांना कुणी शेजारी बसवलं नाही त्यांना सांगायचं आहे. मला पाळक व्हायचंय असं पाळकांना सांगितलं, त्यांनी शिफारशीची चिठ्ठी दिली, मी पुण्याला जाऊन धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात मुलाखत दिली आणि माझी निवड झाली. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. मातीच्या वेळी काय बोलायचं असतं, तान्ह्या लेकराच्या आईला काय सांगायचं असतं, मला काहीच माहीत नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पगार?" मी म्हटलं, थोडा. ते म्हणाले, "तुज्या आईला तर कायच न्हवता." हे पत्र तुला पाठवायचं कुठं, आणि पाठवलं असतं तरी तुला अक्षर येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि त्यानं भलतंच वाचलं असतं. म्हणून ते इथंच ठेवते.

सोमवारी मी पतसंस्थेत गेले. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "कायमची नोकरी सोडून कोण जातं गं?" मी म्हटलं, "मी जाते, साहेब." राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला, कपाटाची किल्ली त्याच्यावर ठेवली आणि बाहेर पडले.